सर्व्हिसमध्ये वर जायचे ते रॅकेटने, चेंडूने नव्हे

टेनिसमध्ये सर्व्हिस शिकणाऱ्याला कोर्टवर सर्वांत जास्त ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘वर मार’. ती अगदी योग्य आहे, पण तिच्यातून नव्वद टक्के गोंधळ जन्माला येतो, कारण रॅकेटचा मार्ग आणि चेंडूचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायचे राहून जाते.

चेंडूचा मार्ग बहुतेकांना ठाऊक असतो. नेट मध्यभागी 0.914 मीटर उंच, बेसलाइनपासून (सर्व्हिस करणारा जिच्यामागे उभा राहतो ती रेषा) 11.89 मीटरवर, आणि सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते ती सर्व्हिस लाइन त्यापलीकडे 6.40 मीटरवर. या आकड्यांवरून सरळ रेषा आखली, तर नेटला घासून सर्व्हिस लाइनवर पडणारा चेंडू 2.61 मीटर उंचीवरून निघायला हवा. पावणेसहा फूट उंचीच्या खेळाडूचा चेंडूशी संपर्क साधारण तेवढ्याच उंचीवर होतो. म्हणजे नेटवरून जायला जी काही जागा मिळते, ती गुरुत्वाकर्षण चेंडूला वाटेत खाली ओढते म्हणून. तरीही ताशी 160 किलोमीटर वेगाची फ्लॅट, म्हणजे फारशी फिरकी नसलेली, सर्व्हिस रॅकेटवरून निघताना पाच-सहा अंश खालीच झुकलेली असते. भरपूर फिरकीची किक सर्व्हिस मात्र जवळजवळ आडवी किंवा किंचित वर निघते, कारण तिचा वेग कमी असतो आणि तिला नेटवरून बरेच उंच जायचे असते.

खरी गल्लत इथून पुढे आहे. चेंडू खाली निघतो, म्हणून रॅकेटही खाली येत असणार असे मानले जाते, आणि ते चूक आहे. पाठीमागे खाली सोडलेले रॅकेट वर खेचले जाते, आणि संपर्काच्या क्षणी ते वेगाने पुढे जात असतानाच अजून थोडे वर चढत असते. त्याच क्षणी त्याचा फेस, म्हणजे तारांचा सपाट पृष्ठभाग, मात्र किंचित पुढे झुकलेला, म्हणजे बंद असतो. चेंडू मुख्यतः फेस जिकडे पाहतो तिकडे जातो, रॅकेट चढते तिकडे नव्हे. चढणाऱ्या तारा चेंडूच्या मागच्या बाजूवर वरच्या दिशेने घासतात आणि त्यातून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने गरगरवणारी फिरकी, मिळते. चढ जितका तीव्र, तितकी फिरकी जास्त आणि पुढचा वेग कमी. फ्लॅट आणि किक यांतला फरक मोठ्या प्रमाणात एवढाच आहे.

ही विभागणी न समजलेला विद्यार्थी ‘वर मार’ ऐकून मागे कलतो आणि फेस उघडतो, म्हणजे वरच्या बाजूला वळवतो, त्यामुळे चेंडू सर्व्हिस लाइनच्या बराच बाहेर पडतो. मग त्याला ‘मनगट खाली मोड’ असे सांगितले जाते, आणि पुढचे दहा चेंडू नेटमध्ये जातात. मनगट मोडण्याची ही सूचना कायमची बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. संपर्काच्या आसपास जे वेगाने फिरते ते प्रामुख्याने कोपराखालचा हात आणि खांद्यातला दंड. मनगट मुद्दाम खाली झटकले की चढ तिथेच संपतो.

गुडघ्यांवर बसून सर्व्हिस करण्याचा सराव चढ शिकवायला उत्तम आहे, पण तो अर्धवट समजावून दिला तर याच गल्लतीत भर पडते. बसलेल्या अवस्थेत संपर्क बराच खाली येतो, त्यामुळे चेंडूलाही खरोखरच वर पाठवावे लागते आणि फेस त्या मानाने उघडा ठेवावा लागतो. उभे राहिल्यावर चढ तोच ठेवायचा, फेस मात्र बदलायचा, हे वाक्य सरावाबरोबर सांगितलेच पाहिजे.

मोबाइलवरच्या साध्या चित्रणाचा पुरावा देणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात घ्यावा. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद असतो, तर सेकंदाला 30 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांत 33 मिलिसेकंदांचे अंतर असते. त्यामुळे बहुतेक वेळा दिसते ते संपर्कानंतरचे, पुढे वळून खाली येणारे रॅकेट, आणि तेच संपर्काचे चित्र समजले जाते. 240 चित्रांच्या स्लो मोशनमध्ये, बाजूने, संपर्काच्या लगेच आधीची दोन चित्रे पाहावीत: दुसऱ्या चित्रात रॅकेटचे टोक पहिल्यापेक्षा वर असेल तर चढ आहे, आणि तरीही चेंडू लांब जात असेल तर दुरुस्ती फेसमध्ये करायची आहे.