सेप्सिसमधले हृदय आणि सिरियमचे कण

संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनावर होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागला की त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात, आणि त्या तडाख्यातून हृदयही सुटत नाही. हा नेहमीचा हृदयविकाराचा झटका मात्र नव्हे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तुंबलेल्या नसतात, स्नायुपेशीही बहुतांशी जिवंत असतात, फक्त त्यांचे आकुंचन मंदावते. अमेरिकेत मार्गारेट पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या, २० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून वाचलेल्या १३ पैकी १० जणांच्या हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता आरंभी बरीच घटली होती आणि सुमारे दहा दिवसांत ती पूर्ववत झाली. म्हणजे प्रश्न हृदय दुरुस्त करण्याचा कमी आणि तेवढे दिवस ते तगवून धरण्याचा जास्त आहे.

हृदयाच्या पेशी ऊर्जेसाठी तंतुकणिकांवर (मायटोकाँड्रियांवर) अवलंबून असतात. सेप्सिसमध्ये तिथेच ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे बेसुमार तयार होतात आणि ऊर्जानिर्मितीची यंत्रणाच बिघडवतात. 'क' जीवनसत्त्वासारख्या प्रतिऑक्सिडीकारकाचा रेणू अशा रूपांना इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि पुन्हा भरून मिळेपर्यंत निकामी होतो. सिरियम या धातूच्या ऑक्साइडच्या, म्हणजे चष्म्याच्या काचांना झिलई देणाऱ्या पुडीच्या, काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचे तसे नसते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण इतका लहान झाला की त्यातले बरेचसे अणू पृष्ठभागावर येतात, आणि तिथले सिरियमचे अणू इलेक्ट्रॉन घेत-देत +३ आणि +४ या दोन विद्युतभारांच्या अवस्थांमध्ये मागे-पुढे होत राहिल्यामुळे तोच कण पुन्हा पुन्हा कामी येतो.

अमेरिकेतील मार्शल विद्यापीठातील संशोधकांनी जिवाणूंच्या आवरणातले विष टोचून उंदरांमध्ये तीव्र सेप्सिस घडवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण दिलेले उंदीर अधिक संख्येने जगले आणि त्यांच्यातील दाहाचे संकेतही मंदावले.

तरीही मला यात दोन अडचणी मोठ्या वाटतात. शिरेतून दिलेले हे कण हृदयाकडे नेमके जात नाहीत; त्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात आणि तो तिथे दीर्घकाळ साठून राहतो. शिवाय प्रयोगशाळेत विष केव्हा टोचले याची वेळ वहीत लिहिलेली असते, त्यामुळे कण वेळेत देता येतात, तर अतिदक्षता विभागातला रुग्ण कित्येकदा दोन-तीन दिवस घरीच ताप काढून, रक्तदाब कोसळल्यावर तिथे पोहोचलेला असतो.