तांबडा रस्सा आधी की पांढरा? आमच्या खानावळीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी

अंबाबाईचं दर्शन घेऊन किंवा पन्हाळा-जोतिबा करून बाहेरगावचे पाहुणे दुपारी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, पण गर्दीत वाढणाऱ्या पोरांना नीट उत्तर द्यायला सवड मिळत नाही. म्हणून हे पत्रक. ताट येईपर्यंत वाचून होईल.

पहिला प्रश्न तिखटाचा. कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ, हा समज बाहेरच्या हॉटेलांच्या मेनूकार्डांनी पसरवला. व्हेज कोल्हापुरी नावाची लालभडक भाजी आज कुठंही मिळते, पण ती इथल्या घरच्या चुलीवरची नव्हे. आमच्या तांबड्या रश्श्याचा रंग येतो तो ब्याडगी मिरचीचा. ती कर्नाटकातल्या हावेरी भागातली, 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. रंगाला गडद, तिखटाला सौम्य. झणका येतो संकेश्वरी मिरचीचा. त्यामुळे रस्सा दिसतो तेवढा जहाल नसतो. खायचा रंग आमच्या स्वयंपाकघरात येतच नाही.

खरी चव आहे चटणीत. बाहेर तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आम्ही नुसतं चटणी म्हणतो. उन्हाळ्यात मिरच्या कडक वाळल्या की आम्ही वर्षाची चटणी एकदाच करतो. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल, नागकेसर हे सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर तीळ जळतात आणि धणे कच्चे राहतात. मग डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कांडून आणायचं आणि त्यात तळलेला कांदा, लसूण, मीठ घालून पुन्हा कांडायचं. बरणीत भरताना वर हिंगाचे खडे ठेवतो. बाजारात तयार मसाला मिळतो, स्वस्तही पडतो, पण त्यानं केलेला रस्सा आमच्या घरातच कुणी खाणार नाही. मग तो तुम्हाला कसा वाढायचा?

आता दोन रश्श्यांचं. दोन्हींचा जन्म एकाच पातेल्यात होतो. बोकडाचं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतो. पातेल्यावरच्या ताटात पाणी ठेवतो आणि तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत सोडतो. मटण शिजल्यावर जे पाणी उरतं ते अळणी. त्याचे दोन भाग होतात. एकात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पडतं, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, पांढरे तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, वरून तुपात खडा मसाला, तो पांढरा.

पांढरा रस्सा कढत का नसतो, अशी तक्रार रोज येते. नारळाचं दूध घातल्यावर तो खळाखळा उकळला तर फुटतो, म्हणून मंद आचेवर ढवळत राहावं लागतं. परत परत गरमही करता येत नाही. तो बेताचा गरम असतो, आणि तसाच चांगला लागतो.

खायचं कसं? आमच्या मतानं आधी पांढरा. वाटी सरळ तोंडाला लावून भुरकायची, चमच्याची गरज नाही. मग भाकरीबरोबर सुकं मटण, अधूनमधून तांबड्यात बुडवून. तांबडा भातावरही घ्या. आम्ही आजरा घनसाळ या सुवासिक तांदळाचा भात करतो. कमी मसाल्यातसुद्धा त्याचा वास घमघमतो. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. दही-कांदा खा, नाहीतर पांढऱ्याची आणखी एक वाटी मागा. दोन्ही रस्से हवे तितके मिळतात. मटण मात्र मोजून असतं. लहान मुलांसाठी अळणी मागून घ्या, इथली मुलं त्यावरच वाढतात.

एक गोष्ट मात्र ताट मांडण्याआधीच सांगा. तीळ, काजू किंवा खोबऱ्यानं कुणाला त्रास होत असेल तर आमचे दोन्ही रस्से त्यांना चालणार नाहीत. आम्ही स्वच्छ पातेल्यात मीठ-मिऱ्याचं मटण करून देऊ, पण स्वयंपाकघर एकच आहे आणि वाटण तिथंच होतं. ज्यांचा त्रास गंभीर आहे त्यांनी आमच्याकडे जेवू नये, असंच आम्ही सांगतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी अख्खा मसूर आणि भाकरी आहे. त्याची भांडी आणि पळ्या वेगळ्या आहेत.

चटणी विकतही मिळते. परदेशी नेणार असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. तिच्यात खसखस आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापूरमध्ये खसखस नेण्यावर बंदी आहे. दुबईला मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आम्ही बिनखसखशीची चटणी वेगळी करून देतो. आठ दिवस आधी सांगावं लागतं.

बिलाबद्दल थोडं. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांनी कर स्वतःच भरायच्या योजनेत आहोत, म्हणून तुमच्या बिलावर कर लागत नाही. सेवाशुल्कही लावत नाही. ते बिलात आपोआप जोडू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजीच सांगितलं आहे. कुठंही तसं दिसलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. बिलावरचा चौदा आकडी क्रमांक आमच्या अन्नसुरक्षा परवान्याचा आहे.

रविवारी आणि बुधवारी अडीचनंतर येणार असाल तर आधी फोन करा. मटण संपलं की आम्ही दुपारी दुसरं पातेलं चढवत नाही. घाईत शिजवलेल्या मटणाची अळणी पातळ होते, आणि मग दोन्ही रस्से बिघडतात.