चिंबोरीचं पंचांग: ठाणे खाडीच्या काठावरून

दिवाळे किंवा सारसोळे कोळीवाड्यात ‘चिंबोरी’ म्हणजे खाडीच्या चिखलातला खेकडा, हिरवट-काळा, जाड नांग्यांचा. बाजारात निळा खेकडा दिसतो तो समुद्रातला. त्यातही निळाई नराचीच, मादी मातकट. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातला नावाजलेला निळा खेकडा तर तिसराच. तो हिवाळाभर चिखलात पडून असतो. आपल्या खाडीला तेवढी थंडी कुठली? इथला हंगाम तिथी आणि पावसावर चालत आला.

अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. फग, म्हणजे खेकडे धरायचे सापळे, कधी लावायचे ते यावरून ठरतं. अमावास्येची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ, असं गिऱ्हाईकही सांगतं. पोकळ चिंबोरी म्हणजे नुकतीच कात टाकलेली: कवच नवं, आत मांसापेक्षा पाणी जास्त. चंद्राचा त्यात हात किती, यावर वाद घालावा तेवढा थोडा. मादीचं मीलन मात्र कात टाकल्यावर, अंग मऊ असतानाच होतं. पुढे पोटात लाख, म्हणजे अंड्यांचा गोळा, भरते, आणि अंडी सोडायला ती खाडी सोडून समुद्राकडे जाते. म्हणजे ज्या लाखेसाठी आपण जास्त पैसे मोजतो, ती पुढच्या पिढीचीच. हे कळूनही हात आखडत नाही, हा भाग वेगळा.

बेलापूर पट्टीत याला शेतीची जोड होती. खाडी अडवून केलेल्या खार जमिनीत आगरी भात पिकवत, शेजारी मिठागरं. चिंबोरीने बांध पोखरला की खारं पाणी शेतात शिरे, म्हणून बिळात आकडी घालणं ही कालवणाची सोय आणि बांधाची राखणही. पहिल्या पावसात शेतातले मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, निघत, ते वेगळेच.

साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला. शेतं संपादनात गेली, त्यांच्यासोबत मुठेही. खाडीचं उलटंच झालं. गाळ साचून पात्र उथळ होत गेलं आणि त्याच गाळावर खारफुटी वाढली. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चिंबोरीला बिळाला जागा राहिली, पण पाण्यात शहराचं सांडपाणी आहे.

मुठे खायचे तर आता मृगात मुरबाड-शहापूरकडून येणारी टोपली गाठावी लागते.