गोळीच्या चाचणीत नाव लागत नाही, ते कधीकधी ब्लॉकपायी

“रिपोर्टात जीन सापडला, आता गोळी कधी सुरू होणार?” मिरजेत ओपीडीबाहेर हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. एनटीआरके, आरईटी असे दुर्मिळ जनुकबदल असलेल्या कॅन्सरसाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या ज्या चाचण्या (म्हणजे औषध रुग्णांवर तपासून बघणाऱ्या क्लिनिकल ट्रायल) असतात, त्यांत गाठ फुप्फुसात आहे की थायरॉइडमध्ये यापेक्षा बदल कोणता, हे आधी बघतात. रिपोर्टात ‘अनसर्टन सिग्निफिकन्स’ (म्हणजे या बदलाचा अर्थ अजून नक्की नाही) लिहिलं असेल तर तो बदल सहसा धरत नाहीत. तेवढी ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या.

चाचणी कुठे चालू आहे ते सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या, वेबसाइटवर फुकट दिसतं. २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. रुग्ण घेणं चालू आहे का, हे बघून तिथल्या डॉक्टरांना फोन करा.

आता ब्लॉक. जत-आटपाडीहून माणसं जाडजूड फाइल घेऊन रातोरात मुंबई गाठतात आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, ब्लॉक आणलाय का? ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेली, काडेपेटीहून लहान प्लास्टिकची डबी. जनुकबदल तपासायला ती लागते. कडेला नंबर असतो. काचेच्या स्लाइड म्हणजे ब्लॉक नव्हे. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबला लेखी अर्ज द्या, सही करून ब्लॉक ताब्यात घ्या आणि नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून बघा. एका आजोबांच्या डबीवर दुसऱ्याच कुणाचा नंबर निघाला, तो परळला पोचल्यावर कळला. त्यांची ती दमणूक मला अजून आठवते. एप्रिलच्या उन्हात डबी गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. हाडाची बायोप्सी असेल तर आधी विचारा. हाड मऊ करायला वापरलेल्या आम्लाने डीएनए खराब झालेला असू शकतो.

दुसरी चूक दिवसांची. स्कॅन, रक्त वगैरे तपासण्या बऱ्याच चाचण्यांत २८ दिवसांच्या आतल्या लागतात. हे दिवस पहिल्या गोळीपासून मागे मोजतात, संमतीच्या सहीपासून नाही. ‘स्कॅन आहे की आमच्याकडे’ म्हणून निर्धास्त राहू नका. शेवटचा केमो कधी झाला, ती तारीखही लिहून न्या. त्यानंतर ठरावीक दिवस जावे लागतात.

काढा, भस्म काहीही चालू असेल तर लपवू नका, कुणी रागावणार नाही. काही गोळ्यांवर साधं पपनससुद्धा परिणाम करतं.

आधार, जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड हे नेहमीचंच. संमतीपत्रात मात्र वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात, तिथे लोक बिचकतात. काही इजा झाली तर भरपाईसाठी ते लागतं. वारसाचं नाव आधारवर आहे तसंच घाला. मराठी संमतीपत्र मागा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवणं बंधनकारक आहे. सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. चाचणीतल्या गोळीचे पैसे कुणी मागितले तर त्याच प्रतीवर एथिक्स कमिटीचा (चाचणीतल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीचा) नंबर असतो, तिथे लगेच कळवा.