मूळ रंगपद्धती

शेक्सपिअर व त्याच्या समकालीनांची नाटके त्यांच्याच काळातील रंगमंचरचना, वेशभूषा व संगीत यांच्या आधारे आजच्या प्रेक्षकांपुढे सादर करण्याची पद्धती. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर १९९७ मध्ये खुल्या झालेल्या, शेक्सपिअरच्या मंडळीच्या ग्लोब या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीत ती विशेष रुजली. तिचा आरंभ इंग्रज नट-दिग्दर्शक विल्यम पोएलच्या एलिझाबेथन स्टेज सोसायटीपासून (१८९४) धरण्याचा प्रघात आहे. तथापि पोएलने १८८१ मध्येच १६०३ च्या छापील प्रतीवरून ‘हॅम्लेट’ जवळजवळ नेपथ्याविना सादर केले होते, हे पाहता आधीचे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

मूळ ग्लोब १५९९ मध्ये, शोरडिच येथील ‘द थिएटर’ मोडून आणलेल्या लाकडातून उभे राहिले. २९ जून १६१३ रोजी प्रयोगात तोफ उडवताना गवती छपराने पेट घेतला व ते जळाले. त्याच जागी पुढच्या वर्षी बांधलेले दुसरे ग्लोब १६४२ च्या नाट्यबंदीनंतर पाडले गेले. त्यासाठी सामान्यतः १६४४ हे वर्ष देतात. मात्र ते ज्या हस्तलिखित टिपणावर आधारलेले आहे, त्याचा अस्सलपणा संशयास्पद आहे.

इमारतीच्या आकाराचा वाद सर्वांत गुंतागुंतीचा. सतराव्या शतकातील चित्रकार वेन्सेस्लाउस हॉलरच्या रेखाटनावरून नाट्येतिहासकार जॉन ऑरेलने सु. १०० फूट व्यास काढला व प्रतिकृतीला २० बाजू ठेवल्या गेल्या. परंतु हॉलरने रेखाटले ते दुसरे ग्लोब. दोन्ही इमारती एकाच पायावर होत्या, हे गृहीत धरल्याशिवाय हे गणित उभे राहत नाही. १९८९ मध्ये मूळ जागी पायाचा लहानसा भाग उघडा पडल्यावर व्यास व बाजू दोन्ही कमी मानणाऱ्यांचे म्हणणे बळावले. ते सहज बाजूला सारता येत नाही. अंतर्भागासाठी तर डच प्रवासी योहानेस द विटच्या सु. १५९६ च्या चित्राची नक्कलच काय ती हाती आहे, आणि तेही स्वान या दुसऱ्याच नाट्यगृहाचे.

प्रयोगांत हाताने शिवलेले पोशाख, तत्कालीन वाद्ये व सर्व-पुरुष नटसंच वापरले गेले. नट मार्क रायलन्सने ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’तील क्लिओपात्रा (१९९९) व ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील ऑलिव्हिया (२००२) साकारल्या. मात्र शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका किशोरवयीन मुले करीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रौढ नटाची स्त्रीभूमिका बालगंधर्वांच्या परंपरेतील मराठी रसिकाला अधिक ओळखीची वाटेल.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य उजेडात आहे. रात्रीच्या प्रयोगातही नट व रंगमंचापुढच्या उघड्या अंगणात उभे असलेले सु. ७०० प्रेक्षक सारख्याच प्रकाशात असतात. त्यामुळे स्वगत हे थेट त्यांच्याशी केलेले बोलणे ठरते.