इन्नू साहित्य आणि कथनपरंपरा

कॅनडाच्या पूर्व भागातील क्वेबेक–लाब्राडोर द्वीपकल्पात राहणाऱ्या इन्नू या आदिवासी समाजाचे मौखिक आणि लिखित वाङ्मय. ‘इन्नू’ म्हणजे माणूस. फ्रेंच लोक त्यांना मोंतान्ये, म्हणजे डोंगरवाले, म्हणत, तर उत्तरेकडच्या गटांना नास्कापी हे नाव पडले होते. नावातल्या साम्यामुळे इन्नू आणि इन्युइट (ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत) यांची नेहमी गल्लत होते. वास्तविक हे दोन वेगळे समाज आहेत आणि त्यांची भाषाकुळेही वेगळी आहेत. इन्नूंची भाषा इन्नू-आइमुन ही अल्गोंक्वियन कुळातली असून क्री भाषेची सख्खी नातलग आहे. ती बोलणारे आज साधारण दहा हजार लोक आहेत. क्वेबेकमधील माश्तेउयाच, पेसामित, उआशात, मानी-उतेनाम, एकुआनिचित, उनामान-शिपू, तसेच लाब्राडोरमधील शेशाचिउ आणि नाचुआशिश ही त्यांची काही गावे.

आपल्या भूमीला इन्नू ‘नितासिनान’ म्हणतात. फ्रेंच किंवा इंग्रजी अनुवादात याचा अर्थ जेमतेम पोहोचतो. मराठी वाचकाला मात्र तो लगेच कळावा. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, तसा तो इन्नू-आइमुनमध्येही आहे, आणि नितासिनान म्हणजे ‘आमची भूमी’. ऐकणारा त्यात धरलेला नाही. हे साहित्य वाचताना हा भेद विसरून चालत नाही, कारण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हा प्रश्न इथे जवळजवळ प्रत्येक वाक्यापाशी उभा राहतो.

इन्नू कथनाचे दोन मुख्य प्रकार मानतात. ‘आतानुकान’ ही आदिकाळातली गोष्ट असते. माणूस आणि प्राणी अजून वेगळे झाले नव्हते, ते एकमेकांशी बोलत, एकमेकांशी लग्ने करत, त्या काळातली. ‘तिपाचिमुन’ म्हणजे कुणीतरी पाहिलेली, भोगलेली, कानोकान आलेली हकिकत. शिकारीला कुठे गेलो, उपासमारीचा हिवाळा कसा काढला, गोरे लोक पहिल्यांदा कसे आले, हे सारे तिपाचिमुनमध्ये येते, ताजी खबरसुद्धा. आतानुकान काल्पनिक आणि तिपाचिमुन खरी अशी विभागणी करणे चूक ठरेल. दोन्ही खऱ्याच, फक्त पहिलीचा साक्षीदार आज हयात नाही. मराठीत आपण वाक्याला ‘म्हणे’ जोडून हात झटकतो, पण इन्नू-आइमुनमध्ये गोष्ट स्वतः अनुभवली, दुसऱ्याकडून ऐकली की खुणांवरून ताडली, हे क्रियापदाच्या रूपातूनच दाखवता येते. अशा भाषेत कथाकाराची जबाबदारी व्याकरणातच नोंदली जाते.

आतानुकानांतला सर्वांत लाडका नायक चाकापेश. त्याच्या आईबापांना काचितुआस्कू नावाचा अस्वलासारखा अजस्र राक्षसी प्राणी मारतो. त्यांच्या शोधात निघालेल्या थोरल्या बहिणीला आईच्या फाटलेल्या देहाजवळ गर्भ सापडतो. ती तो घरी नेऊन भांड्यात ठेवते आणि त्यातून चाकापेश बाहेर येतो. आकाराने लहान, पण कुणाला न जुमानणारा. बहिणीकडून धनुष्य करवून घेऊन तो त्या प्राण्याला मारतो. पुढची सगळी गोष्ट एका लयीत चालते: त्याला दूरवरून काहीतरी ऐकू येते, तो बहिणीला विचारतो, बहीण सांगते, “तिकडे जाऊ नकोस,” आणि तो जातोच. एकदा झाडावर फुंकर घालत घालत तो ते आभाळापर्यंत वाढवतो, वर सापडलेल्या वाटेवर फासा लावतो आणि त्यात सूर्य अडकतो. जगात अंधार होतो. फासा कुरतडायला तो एकामागून एक प्राणी पाठवतो. ज्याच्याकडून कुणी अपेक्षा केली नसती असा इवलासा प्राणीच शेवटी सूर्याला सोडवतो. अखेर चाकापेश बहिणीला घेऊन वर जातो तो कायमचा, आणि चंद्रात दिसतो. गावागावांत तपशील बदलतात. बहिणीचा धाक आणि भावाचा हट्ट मात्र सगळीकडे तसाच राहतो. माझ्या मते गोष्टीचा जीव त्यातच आहे.

दुसरा मोठा नायक क्वेक्वाचेऊ, म्हणजे वुल्वरीन हा चिवट, खादाड प्राणी. तो लबाडी करतो, फजीत होतो आणि जाता जाता जगही घडवतो. लाब्राडोरमध्ये सांगतात की महापूर आला तेव्हा त्याने मोठी नाव बांधून सगळ्या प्राण्यांना आत घेतले, मिंक या पाण्यात पोहणाऱ्या लहान प्राण्याला बुडी मारून तळाचा चिखल आणायला लावले आणि त्याचे बेट केले. तेच हे जग. या कथांमध्ये अचकट-विचकट विनोद भरपूर असतो. लहानथोर सगळे एकत्र बसून तो ऐकत. यांखेरीज नरभक्षक आचेन आहे, आणि कॅरिबू हरिणीशी लग्न करून कळपात राहायला गेलेला माणूस आहे. कॅरिबूवर इन्नूंचे जगणे अवलंबून होते. त्याची हाडे इतस्तत: टाकायची नाहीत, मज्जेची मेजवानी सगळ्यांनी मिळून खायची, हे नियम अशा गोष्टींतूनच मुलांच्या अंगवळणी पडत.

गोष्टींचे घर म्हणजे ‘नुचिमित’, किनाऱ्यापासून आतला रानप्रदेश. इन्नू कुटुंबे शरद ऋतूत नद्यांनी वर चढत, हिवाळा आत काढत आणि उन्हाळ्यात समुद्राकाठी परतत. तंबूत खाली सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांचा बिछाना, मध्ये पत्र्याची शेगडी, आणि रात्र मोठी. ‘तेवेइकान’ हा डफ मात्र हवा तेव्हा वाजवायचा नसतो. तो आधी स्वप्नात यावा लागतो. गाणीही स्वप्नातूनच मिळतात, आणि वाजवणाऱ्याला शिकार कुठे आहे ते डफाच्या कातड्यावर दिसते, असे मानतात.

हे वाङ्मय कागदावर प्रथम परक्यांनी उतरवले. जेझुइट पाद्री पॉल ले ज्यून १६३३–३४च्या हिवाळ्यात एका इन्नू गटाबरोबर रानात फिरला. त्याच्या वृत्तान्तांत पुराची कथा आणि चाकापेश दोन्ही आढळतात, पण भाकडकथा म्हणून. १७६७ मध्ये पाद्री ला ब्रॉस याने त्यांच्या भाषेतले प्रार्थनापुस्तक क्वेबेकमध्ये छापले. पुढे अनेक इन्नूंना लिहिता-वाचता येऊ लागले. त्यामुळे ‘निरक्षर समाज’ हे त्यांचे वर्णन अपुरे आहे. ध्वनिमुद्रणांचे काम १९६० नंतर वाढले. त्यांतली एक तिपाचिमुन विशेष महत्त्वाची आहे: उएपिश्तिकुएयाऊ, म्हणजे आजचे क्वेबेक शहर, इथे फ्रेंच कसे आले त्याची. पाठ्यपुस्तके सांगतात की १६०८ मध्ये शांप्लेन या फ्रेंच प्रवाशाने शहर वसवले. इन्नू वृद्ध सांगतात की फ्रेंचांनी गहू पेरायला जागा मागितली, उपासमारीच्या वेळी पीठ देण्याचे कबूल केले, आणि मग हळूहळू इन्नूंनाच तिथून हटवले. मानववंशशास्त्रज्ञ सिल्वी व्हँसाँ यांनी इन्नू कवयित्री जोसेफीन बेकन यांच्या साहाय्याने हे कथन २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

विसाव्या शतकाच्या मध्यात कथनाचा आधारच हलला. १९५४ मध्ये सेत-ईल ते शेफरव्हिल रेल्वे पुरी होऊन लोहखनिज बाहेर जाऊ लागले, लाकूडतोड आणि धरणे आली, कुटुंबे गावांत बसवली गेली. १९५२ मध्ये मानी-उतेनामला निवासी शाळा, म्हणजे मुलांना घरापासून दूर ठेवणारी वसतिगृहाची शाळा, उघडली. मुले दहा-दहा महिने तिथे अडकली. म्हणजे ज्या हिवाळ्यात गोष्टी ऐकायच्या, नेमक्या त्याच हिवाळ्यात ऐकणारे तंबूत नव्हते.

याच काळाची साक्ष आन आंतान कापेश (१९२६–२००४) यांनी दिली. त्या रानात वाढल्या, मुलांची आई झाल्या, शेफरव्हिलजवळच्या गावाच्या प्रमुखही होत्या. त्यांचे १९७६ मधील पुस्तक इन्नू आणि फ्रेंच अशा दोन भाषांत समोरासमोर छापले गेले. अनुवाद जोझे मायो यांचा. शीर्षकात त्यांनी गोऱ्यांची शिवीच उचलली. मराठीत ते ‘तीच मी, मेली रानटी बाई’ असे काहीसे होईल. खाण, शाळा, शिकाररक्षक, दारूचे दुकान, पोलीस, सरकारी घरे असे एकेक प्रकरण घेऊन त्या गोऱ्या माणसाने काय केले ते सांगत जातात. समीक्षकांनी त्याला आत्मचरित्र म्हटले, निबंध म्हटले. माझ्या मते ती तिपाचिमुन आहे: मी पाहिले ते मी सांगते, आणि माझ्या भाषेत सांगते. कित्येक वर्षे बाजारात न मिळणारे हे पुस्तक २०१९ मध्ये पुन्हा निघाले, नव्या पिढीच्या कादंबरीकार नाओमी फोंतेन यांच्या प्रस्तावनेसह.

जोसेफीन बेकन (जन्म १९४७, पेसामित) यांची वाट वेगळी. निवासी शाळेत बालपण गेलेल्या बेकन पुढे मानववंशशास्त्रज्ञांच्या दुभाषी झाल्या. शाळेमुळे जे ऐकायचे राहिले होते ते वृद्धांची ध्वनिमुद्रणे उतरवताना त्यांना ऐकायला मिळाले. त्यांचा पहिला द्वैभाषिक कवितासंग्रह २००९ चा. त्याचे नाव ‘चिसिनुआचिताकाना’, निरोपाच्या काठ्या. प्रवासात मागून येणाऱ्यांसाठी इन्नू बर्फात काठ्या रोवून ठेवत. कुठल्या दिशेला गेलो, कुणी आजारी आहे का, अन्न संपले आहे का, हे काठीच्या कलण्यावरून कळे. बेकन यांच्या कविताही तशाच आखूड, काटक, दिशा दाखवणाऱ्या आहेत.

एकुआनिचितच्या रिता मेस्तोकोशो यांचा उल्लेख फ्रेंच कादंबरीकार ले क्लेझिओ यांनी २००८ च्या नोबेल व्याख्यानात केला. फोंतेन यांची ‘कुएसिपान’ (२०११), नताशा कानापे फोंतेन आणि मारी-आंद्रे जिल यांच्या कविता, मिशेल जाँ यांची ‘कुकुम’ (२०१९) ही पुढची नावे. ही पिढी बहुतांशी फ्रेंचमध्ये लिहिते, मात्र काही इन्नू शब्द अनुवादाविना तसेच ठेवते. गाण्यांनी तर भाषा पुस्तकांपेक्षाही लांबवर पोहोचवली: काश्तिन या जोडीचे इन्नू गीतांचे ध्वनिमुद्रण १९८९ मध्ये निघाले आणि इन्नू न समजणाऱ्यांनीही ते गुणगुणले.

लाब्राडोरमध्ये इंग्रजीचा शेजार असल्याने तिथले साहित्य वेगळ्या वळणाने आले. शेशाचिउच्या चाउकुएश एलिझाबेथ पेनाशू यांनी गूस बे या लष्करी हवाई तळावरून रानावर अगदी खालून उडणाऱ्या लढाऊ विमानांविरुद्धच्या आंदोलनात रोजनिशी लिहायला सुरुवात केली, तीही इन्नू-आइमुनमध्ये. पुढे दर वसंतात बर्फावरून घसरगाडी ओढत त्या तरुणांना घेऊन नुचिमितमध्ये काही आठवडे चालत जात, आणि तंबूत बसून त्या दिवसाची हकिकत वहीत उतरवत. त्या वह्यांचे पुस्तक २०१९ मध्ये आले.