समुद्रतळाच्या पोटातला ग्रॅनाइट

खंड ग्रॅनाइटचे आणि समुद्रतळ बेसाल्टचा, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. ढोबळमानाने ते खरंही आहे. म्हणूनच समुद्राखाली ग्रॅनाइट सापडल्याचं कळलं, की तमिळ दंतकथेतल्या बुडालेल्या कुमारी खंडाच्या गोष्टी मोबाइलवर फिरायला लागतात. पण ग्रॅनाइट व्हायला खंडच लागतो असं नाही.

ओमानच्या डोंगरांत सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ जमिनीवर चढून बसला आहे. वर उशीच्या आकाराचे बेसाल्टचे गोळे, मग एकमेकींना खेटलेल्या उभ्या डाइक, म्हणजे भेगांत गोठलेल्या मॅग्माच्या भिंती, त्याखाली गॅब्रो, म्हणजे खोलवर सावकाश गोठलेला बेसाल्टचा जाडसर भाऊ, आणि तळाशी प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, खडक. अशा तुकड्याला ओफिओलाइट म्हणतात. डाइक आणि गॅब्रो जिथे भेटतात, तिथे काळ्या खडकात पांढुरक्या शिरा दिसतात. हा प्लॅजिओग्रॅनाइट. भिंगाखाली क्वार्ट्झ आणि सोडियमवाला फेल्डस्पार ही फिकी खनिजं दिसतात. पोटॅशियमवाला जवळपास नाहीच. पोटॅशियम, म्हणजे शेतकऱ्याचं पालाश, यात ऑक्साइडच्या हिशोबाने सहसा १ टक्क्याहूनही कमी. खंडावरच्या ग्रॅनाइटमध्ये ४-५ टक्के.

मॅग्मा निवताना काळी खनिजं आधी गोठतात आणि शेवटी सिलिकाने भरलेला थोडा रस उरतो, हा प्लॅजिओग्रॅनाइटच्या जन्माचा एक मार्ग. मला दुसरा जास्त भावतो. समुद्राचं पाणी भेगांतून झिरपून तापलेल्या गॅब्रोपर्यंत पोचतं, त्यातल्या पायरॉक्सीन या कोरड्या खनिजाचं अ‍ॅम्फिबोल हे पाणी धरणारं खनिज करतं आणि त्या खनिजाच्या रचनेतच अडकून राहतं. पुढे खालून नवा मॅग्मा येतो, खडक पुन्हा तापतो. कोरडा गॅब्रो हजार अंश ओलांडले तरी दाद देत नाही. ओला मात्र ८५०-९०० अंशांनाच पाझरू लागतो, कारण पाणी सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्या तोडतं. पाझरलेला तो थोडासा रस ग्रॅनाइटच्या वळणाचा असतो.

मार्ग कोणता, हे टायटॅनियम सांगतं: ओल्या गॅब्रोच्या रसात ते कमीच. झिरकॉन या युरेनियम साठवणाऱ्या बारीक खनिजातला ऑक्सिजनही साक्ष देतो. प्रावरणातून थेट आलेल्या मॅग्माच्या झिरकॉनमध्ये जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण समुद्रपाण्याच्या प्रमाण नमुन्यापेक्षा हजारी ५.३ च्या आसपास जास्त असतं. ओमान आणि सायप्रसच्या काही नमुन्यांत ते त्याहून खाली उतरतं. गरम समुद्रपाण्यात मुरलेला खडक पुन्हा वितळल्याची ती खूण.

ओमानमध्येच प्रावरणाच्या खडकात घुसलेले ग्रॅनाइट मात्र पालाशाने भरलेले आहेत. ते खाली सरकणाऱ्या भूपट्टावरचा गाळ वितळून झाले.

झिरकॉनमधल्या युरेनियमवरून खडकाचं वय काढता येतं, पण बेसाल्टमध्ये झिरकॉन क्वचितच मिळतो, म्हणून जुन्या समुद्रतळाचं वय काढायला या पांढुरक्या शिराच फोडाव्या लागतात. आपल्या दक्षिण अंदमानातल्या अशाच प्लॅजिओग्रॅनाइटचं वय सुमारे ९.४ कोटी वर्षं निघालं, जवळपास ओमानइतकंच.